विश्लेषण : लीग जिंकूनही संघ तिथेच का राहतात? कोरियाच्या तिसऱ्या श्रेणीत यंदा काय बदलणार?

दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक फुटबॉलमधील दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे के-लीग २ मध्ये, २०२६ च्या हंगामात १७ संघ आहेत. त्यात तीन नवे आहेत : गिम्हे, पाजू आणि योंगिन. गिम्हेने २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीची के-३ लीग जिंकली होती. पाजू त्याच लीगमध्ये खेळत होता, पण तो विजेता नव्हता. योंगिनचा संघ तर २०२५ मध्ये कोणत्याही लीगमध्ये नव्हता. शहराने तो नव्याने उभा केला. तरीही तिघांना वरच्या श्रेणीत एकाच वेळी प्रवेश मिळाला.

हे विचित्र वाटेल, पण कोरियात ते नियमाला धरूनच होते. तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जाण्यासाठी तिथे आजवर गुणतक्ता कधी पाहिलाच गेला नाही. अर्ज, परवाना आणि शहराच्या तिजोरीतून पैसे देण्याची तयारी, एवढ्यावर ते ठरत होते. २०२६ च्या हंगामापासून या पद्धतीला पहिला धक्का बसतो आहे. तो किती खोलवर जाईल, याबद्दल मात्र शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

नेमका बदल काय?

कोरियन फुटबॉल संघटना आणि व्यावसायिक लीग चालवणारा महासंघ यांनी के-लीग २ आणि के-३ लीग यांच्यात बढती-घसरणीची पद्धत २०२७ पासून लागू करण्याचे ठरवले आहे. त्यासाठी २०२६ चे निकाल धरले जाणार आहेत. के-लीग २ मध्ये तळाला राहिलेला संघ आणि के-३ चा विजेता यांच्यात निर्णायक लढत होईल. विजेता जिंकला तर तो वर जाईल आणि तळाचा संघ खाली येईल.

पण यात एक अट आहे. के-३ च्या विजेत्याकडे के-लीग २ चा परवाना असेल, तरच ही लढत होईल. परवाना नसेल तर तळाचा संघ हरूनही सुरक्षित राहील आणि विजेता चषक घेऊन पुन्हा त्याच लीगमध्ये खेळेल. सगळा वाद या एका अटीभोवती फिरतो.

ही लीग नेमकी कोणत्या दर्जाची?

कोरियन फुटबॉलचा मनोरा सात पायऱ्यांचा आहे. के-लीग १ आणि के-लीग २ या पूर्ण व्यावसायिक लीग. त्याखालच्या के-३ आणि के-४ या अर्धव्यावसायिक. के-५ पासून के-७ पर्यंत हौशी खेळाडूंचे संघ : नोकरी-धंदा सांभाळून सुटीच्या दिवशी मैदानावर येणारे.

सध्याच्या स्वरूपातील के-३ आणि के-४ लीग २०२० मध्ये सुरू झाल्या. त्याआधी २००३ पासून नॅशनल लीग चालत होती. कंपन्या, सरकारी महामंडळे आणि नगरपालिकांचे संघ तीत खेळत. २००७ पासून के-३ नावाची वेगळी हौशी लीगही होती. २०१९ नंतर नॅशनल लीग बंद झाली, तिचे आठ संघ आणि जुन्या के-३ मधील वरचे संघ एकत्र करून १६ संघांची नवी के-३ लीग उभी राहिली. बाकीच्यांसाठी के-४ निघाली.

अर्धव्यावसायिक म्हणजे काय, हे एका संघाच्या खोलीत डोकावले की कळते. काही खेळाडू वार्षिक करारावर असतात आणि त्यांना ठरलेला पगार मिळतो. काहींना सामना खेळल्याचा आणि जिंकल्याचा भत्ता मिळतो, बाकी काही नाही. व्यावसायिक संघाने करार न वाढवलेला तिशीचा बचावपटू, विद्यापीठातून बाहेर पडून कुठेच निवड न झालेला बावीस वर्षांचा मुलगा आणि दिवसा सरकारी कचेरीत बसणारा तिसरा असे तिघे एकाच रांगेत उभे असतात. प्रेक्षक अनेकदा शेकड्यांतच मोजावे लागतात.

दर्जा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९ च्या कोरियन एफए कपमध्ये नॅशनल लीगमधील देजॉन कोरेल हा रेल्वेचा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. वाटेत त्याने पहिल्या श्रेणीतील उल्सान ह्युंदे आणि गांगवोन यांना हरवले. अंतिम फेरीत सुवोन सॅमसंगविरुद्ध पहिला सामना ०-० सुटला आणि दुसऱ्यात तो ०-४ असा हरला. त्याच वर्षी जुन्या के-३ मधील ह्वासोंगने उपांत्य फेरी गाठली आणि पहिल्या सामन्यात याच सुवोनला १-० असे हरवून दाखवले. परतीच्या सामन्यात मात्र ते ०-३ असे हरले.

सहा हंगामांचे विजेते कुठे गेले?

के-३ चे २०२० पासूनचे विजेते एका ओळीत ठेवले तर सगळा प्रकार उघड होतो.

२०२० मध्ये गिम्हे जिंकला. पहिल्याच हंगामाचा पहिला विजेता. पण तो तिथेच राहिला. २०२१ मध्ये गिम्पो जिंकला आणि २०२२ मध्ये के-लीग २ मध्ये गेला, कारण शहराने अर्ज केला होता. २०२२ मध्ये चांगवोन जिंकला. पण २०२३ मध्ये के-लीग २ ची दारे उघडली ती चोनान आणि चुंगबुक छोंगजू यांच्यासाठी. चांगवोन के-३ मध्येच राहिला. २०२३ मध्ये ह्वासोंग जिंकला. तोही पुढच्या वर्षी तिथेच होता. २०२४ मध्ये सिहुंग जिंकला आणि २०२५ मध्ये वर कोण गेले? ह्वासोंग. सिहुंग खाली राहिला. २०२५ मध्ये पुन्हा गिम्हे जिंकला आणि यावेळी तो वर गेला, पण सोबत विजेता नसलेला पाजू आणि नवा योंगिनही होता.

म्हणजे सहा हंगामांत विजेतेपद आणि बढती हे दोन्ही लागोपाठ केवळ दोनदा जुळले, गिम्पो आणि गिम्हेच्या बाबतीत. आणि तेही विजेतेपदामुळे नव्हे. अर्ज आधीच तयार होते, चषक नंतर आला. गिम्हेला पहिल्या विजेतेपदानंतर पाच वर्षे थांबावे लागले. या पाच वर्षांत संघाचा खेळ एकाएकी सुधारला असे नाही. शहराची तयारी झाली.

गिम्हे हे नाव भारतीय वाचकांना वेगळ्या कारणाने ओळखीचे असू शकते. प्राचीन गाया राज्याची ही राजधानी. तिथल्या राजाशी विवाह करणारी राणी हौ ह्वांग-ओक ‘आयुता’ देशातून समुद्रमार्गे आली अशी कोरियन आख्यायिका आहे. ते आयुता म्हणजे अयोध्या असे मानून दोन्ही शहरांनी मैत्रीचे नाते जोडले आहे. २०१८ मध्ये कोरियाच्या तेव्हाच्या प्रथम महिला किम जंग-सूक त्यासाठी अयोध्येला आल्या होत्या. आता या शहराची ओळख फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतही झाली आहे.

जिंकूनही वर जायला नकार कोणी दिला?

गुणतक्त्यावरून बढती देण्याचा प्रयत्न कोरियात पूर्वी झाला नव्हता असे नाही. तो झाला आणि फसला. आजच्या सावधपणाचे मूळ त्या फजितीत आहे.

२००६ मध्ये नॅशनल लीगच्या विजेत्याला व्यावसायिक लीगमध्ये घेण्याचे ठरले होते. त्या वर्षी गोयांग कुकमिन बँक हा संघ जिंकला. नावाप्रमाणेच तो एका मोठ्या बँकेचा संघ. बँकेने वर जायला नकार दिला. बँकेला नफ्यासाठी दुसरा व्यवसाय चालवण्यावर कायद्याची बंधने आहेत आणि व्यावसायिक क्लब हा तसा व्यवसाय ठरेल, असे कारण पुढे आले. २००७ मध्ये उल्सान ह्युंदे मिपो हा जहाजबांधणी कारखान्याचा संघ जिंकला. त्यानेही नकार दिला. त्याच शहरात, त्याच ह्युंदे परिवाराचा एक संघ आधीपासून पहिल्या श्रेणीत खेळत होता. दुसऱ्यावर खर्च कशाला करायचा, हा हिशेब समजण्यासारखा होता.

लागोपाठ दोन विजेत्यांनी पाठ फिरवल्यावर बढतीची कल्पनाच बारगळली. पुढे २०१३ मध्ये आठ संघांची दुसरी व्यावसायिक श्रेणी सुरू झाली तीही बरेचसे संघ निवडून, त्यांना आमंत्रण देऊन. त्याच वर्षापासून पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत बढती-घसरण सुरू झाली आणि ती नीट रुळली. तिसऱ्या श्रेणीच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

नकार देणाऱ्या त्या दोन संघांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. कुकमिन बँकेने २०१२ मध्ये संघ बंद केला आणि त्यातले काही खेळाडू नव्या एफसी आन्यांगमध्ये गेले. मिपोने जहाजबांधणीतील मंदीत २०१६ च्या हंगामानंतर संघ गुंडाळला, आणि तोही त्या वर्षीची नॅशनल लीग जिंकून. विजेतेपदाने नोकऱ्या वाचत नाहीत, हे त्या संघाच्या खेळाडूंना एका महिन्यात कळले असेल.

मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना यात काही नवे वाटणार नाही. कंपनीचा संघ हा कंपनीच्या मर्जीवर जगतो. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईतले दोन्ही संघ २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण करत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळले गेले.

आज के-३ मध्ये अशा संस्थात्मक संघांची संख्या कमी झाली असली, तरी ते संपलेले नाहीत. कोरियन रेल्वेचा संघ, ग्योंगजूतील जल व अणुऊर्जा महामंडळाचा संघ, बुसानमधील मेट्रो चालवणाऱ्या महामंडळाचा संघ हे सगळे ताकदीचे आहेत. पण त्यांची रचनाच व्यावसायिक क्लबची नाही. त्यांच्यापैकी एखादा जिंकला तर निर्णायक लढत होण्याची शक्यता नाहीच.

मग बाकीचे संघ कोणाचे?

शहरांचे. के-३ मधील अनेक संघांच्या नावात ‘सिटी’ किंवा ‘सिटिझन’ हे शब्द असतात, कारण खर्चाचा मोठा भाग करदात्यांच्या पैशातून येतो. संघाचा प्रमुख बहुतेक वेळा शहराचा महापौरच असतो. इथे महाराष्ट्रातील वाचकांनी एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे महापौराचे पद मानाचे आणि तिजोरीची किल्ली आयुक्तांकडे. कोरियात महापौर थेट लोकांतून निवडून येतो आणि प्रशासनाचा खरा कारभारी तोच असतो. त्यामुळे फुटबॉल संघ व्यावसायिक करायचा की नाही, हा खेळाचा निर्णय न राहता निवडणुकीतले आश्वासन होतो.

योंगिन हे त्याचे ठळक उदाहरण. दहा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर सोलच्या दक्षिणेला आहे. तिथे ३७ हजार आसनांचे मिर स्टेडियम आहे. सोलच्या विश्वचषक मैदानावरील गवताची अवस्था वाईट झाल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरिया-इराक हा विश्वचषक पात्रता सामना तिथेच खेळवला गेला. एवढे मोठे मैदान आणि स्वतःचा व्यावसायिक संघ नाही, हे शहराला खटकत होते. योंगिनचा जुना संघ नॅशनल लीगमध्ये होता, पण तो २०१६ नंतर बंद पडला. आता नवा संघ थेट दुसऱ्या श्रेणीत आला आणि तांत्रिक संचालक म्हणून के-लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा ली डोंग-गूक याला नेमले गेले. वर्षानुवर्षे के-३ मध्ये घाम गाळणाऱ्या संघांना हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

पाजूची गोष्ट वेगळी. उत्तर कोरियाच्या सीमेला लागून असलेले हे शहर. म्हणूनच संघाने नावातही ‘फ्रंटियर’ हा शब्द घेतला. २०२० मध्ये के-४ जिंकून हा संघ के-३ मध्ये आला होता. व्यावसायिक झाल्यावर त्यांनी प्रशिक्षक म्हणून जेरार्ड नुस या स्पॅनिश माणसाला आणले. हे नाव गोव्यात आठवणारे असतील. करोनाकाळात २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग पूर्ण गोव्यात झाली, तेव्हा नुस नॉर्थईस्ट युनायटेडचे प्रशिक्षक होते. हंगामाच्या मध्यावर त्यांना हटवून जबाबदारी खालिद जमील यांच्याकडे देण्यात आली होती.

येत्या ३ जूनला कोरियात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आहेत. म्हणजे फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर असताना अनेक शहरांत महापौर बदलू शकतात. नवा महापौर आधीच्याने सुरू केलेल्या संघावर तेवढेच पैसे खर्च करेल याची हमी नसते. के-३ मधील एखादा संघ जूनमध्ये अव्वल असेल आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या शहराची व्यावसायिक होण्याची इच्छाच उरली नसेल, हे अशक्य नाही.

लष्करी सेवेचा संबंध काय?

कोरियातील प्रत्येक सशक्त तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. लष्करात ती सुमारे १८ महिन्यांची असते. फुटबॉलपटूच्या कारकिर्दीत दीड वर्ष म्हणजे फार मोठा काळ. सर्वोत्तम खेळाडूंना लष्कराच्या सांगमू संघात जागा मिळते आणि ते गणवेशात राहून व्यावसायिक लीगमध्ये खेळतात. पण तिथल्या जागा मोजक्या. पूर्वी पोलिसांचाही संघ होता. पोलिसांतील सक्तीची भरती बंद करण्याचे ठरल्यावर तो मार्गही संपला.

उरलेल्यांपैकी वैद्यकीय चाचणीत खालची श्रेणी मिळालेल्यांना समाजसेवेचे काम दिले जाते. ते सकाळी वॉर्ड ऑफिसात, मेट्रो स्थानकावर किंवा वृद्धाश्रमात हजर होतात आणि संध्याकाळी सुटल्यावर सरावाला जातात. अशा खेळाडूंसाठी के-४ हा आसरा आहे. त्यामुळे चौथ्या श्रेणीच्या एखाद्या सामन्यात अचानक पहिल्या श्रेणीत शंभर सामने खेळलेला मधल्या फळीतला खेळाडू दिसतो. दोन वर्षांनी तो परत निघून जातो. अलीकडे व्यावसायिक क्लबांचे ‘बी’ संघही या लीगमध्ये खेळू लागले आहेत. स्थानिक संघांनी बांधणी करायची तरी कशी, असा प्रश्न पडावा अशी ही येजा आहे.

या सगळ्यातूनही कोणी कोणी वर जातात. बचावपटू पार्क जी-सू याला इंचॉनने सोडून दिले तेव्हा तो २०१४ मध्ये के-३ मधील एफसी उईजॉंगबूकडून खेळला. तिथून ग्योंगनाम, मग २०१८ मध्ये राष्ट्रीय संघाचे बोलावणे आणि २०१९ मध्ये चीनमधील ग्वांगझू एव्हरग्रांद. तळातून इतके वर जाण्याची उदाहरणे मोजकीच आहेत, पण के-३ च्या प्रत्येक खोलीत ते नाव ठाऊक असते.

खालून वर गेलेला एखादा क्लब आहे का?

आहे, आणि त्याची गोष्ट कोरियन फुटबॉलमध्ये आज सर्वाधिक सांगितली जाते. २००६ मध्ये सोलजवळच्या बुचोन शहरातून एसके उद्योगसमूहाने आपला संघ उचलला आणि जेजू बेटावर नेला. कंपनी मालक, त्यामुळे निर्णय कंपनीचा. बुचोनचे चाहते मात्र गप्प बसले नाहीत. २००७ च्या अखेरीस त्यांनी स्वतः बुचोन एफसी १९९५ हा क्लब काढला आणि २००८ मध्ये जुन्या के-३ मध्ये, म्हणजे अगदी तळाशी, सुरुवात केली. २००९ मध्ये इंग्लंडमधील तसाच चाहत्यांनी काढलेला क्लब, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, त्यांच्याशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. बुचोनने तो ३-० असा जिंकला आणि मैदानावर २० हजारांहून अधिक लोक होते. हौशी लीगमधल्या संघासाठी!

२०१३ मध्ये त्यांना दुसऱ्या श्रेणीत घेतले गेले. २०२० मध्ये जेजू घसरून त्याच श्रेणीत आला, तेव्हा दोघे प्रथमच समोरासमोर आले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये बढतीच्या लढतीत सुवोन एफसीला हरवून बुचोन प्रथमच के-लीग १ मध्ये पोहोचला. जेजूही त्याच दिवसांत घसरणीतून कसाबसा वाचला. त्यामुळे २०२६ मध्ये शहर सोडून गेलेला संघ आणि शहराने पुन्हा उभा केलेला संघ पहिल्या श्रेणीत भेटणार आहेत.

मात्र ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. बुचोनने दुसरी ते पहिली ही पायरी गुणांवर आणि लढतीत जिंकून चढली. तिसरी ते दुसरी ही पायरी त्यांनाही तशी चढता आली नव्हती. ती २०१३ मध्ये नवी श्रेणी निघाली म्हणून मिळाली.

वरच्या संघांचा विरोध का नाही, भीती मात्र का?

घसरण नसल्याचा सर्वाधिक फायदा दुसऱ्या श्रेणीच्या तळाला होत आला. २०२३ मध्ये चोनान पहिल्याच व्यावसायिक हंगामात शेवटचा आला. काही बिघडले नाही. २०२४ मध्ये तर सोंगनाम तळाला होता. सात वेळा के-लीग आणि दोनदा आशियाई क्लब विजेतेपद जिंकलेला हा क्लब १३ संघांत तेरावा आला. त्यालाही काही झाले नाही. पुढच्या वर्षी तो बढतीच्या लढतींपर्यंत पोहोचला. घसरण असती आणि सोंगनाम के-३ मध्ये गेला असता तर एवढ्या लवकर सावरला असता का, हे सांगणे कठीण आहे. घसरणीला घाबरणारे नेमके हेच उदाहरण देतात.

ही भीती केवळ मानाची नाही. शहराच्या पैशावर चालणारा व्यावसायिक क्लब घसरला तर नगर परिषदेतील विरोधक विचारतील, की तिसऱ्या श्रेणीतील संघासाठी इतका खर्च कशाला? अर्थसंकल्प कापला की खेळाडू जातील, खेळाडू गेले की प्रेक्षक जातील. २०१६ नंतर दुसऱ्या श्रेणीतले गोयांग आणि चुंगजू हे दोन संघ बंद पडले, तेव्हा घसरण नव्हतीच. पैसे संपले एवढेच कारण पुरे पडले.

दुसऱ्या बाजूला गिम्पो आहे. २०२१ चा के-३ विजेता. वर गेल्यावर दोन वर्षांत, २०२३ मध्ये, तो के-लीग २ मध्ये तिसरा आला आणि पहिल्या श्रेणीसाठी गांगवोनशी दोन सामने खेळला. पहिला ०-० सुटला, दुसरा गिम्पोने १-२ असा गमावला. तिसऱ्या श्रेणीतून आलेला संघ पहिल्या श्रेणीपासून एका गोलाच्या अंतरावर होता. के-३ मधील विजेत्यांना वर घेतले तर दुसऱ्या श्रेणीचा दर्जा घसरेल, हा युक्तिवाद गिम्पोने पुरता निकालात काढला.

परवान्याची अट हे कुलूप की चाळणी?

मैदान, प्रकाशव्यवस्था, युवा संघ, पूर्णवेळ कर्मचारी आणि अर्थसंकल्पाची हमी अशा गोष्टी परवान्यासाठी पाहिल्या जातात. त्यात गैर काही नाही. गोयांग-चुंगजूसारखे संघ मध्येच बंद पडू नयेत म्हणून चाळणी हवीच. प्रश्न असा की परवान्याची तयारी हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी लागते आणि तिला खर्च येतो. कोणतेही शहर ‘समजा आपण जिंकलो तर’ म्हणून तो खर्च करायला कचरते. परवाना नाही म्हणून बढती नाही आणि बढतीची खात्री नाही म्हणून परवाना नाही, असा हा पेच आहे. २०२४ मध्ये सिहुंग जिंकला तेव्हा तो असाच बाहेर राहिला.

शिवाय ज्यांची तयारी होती ते गिम्हे, पाजू आणि ह्वासोंग अर्जाच्या जुन्या वाटेने आधीच वर निघून गेले आहेत. ह्वासोंगने तर वर जाताना चा दू-री या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूला प्रशिक्षक नेमून आपली हौस दाखवून दिली होती. त्यामुळे २०२६ च्या के-३ मध्ये उरलेल्या संघांपैकी किती जण खरोखर परवाना घेतील, हा या हंगामाचा खरा प्रश्न आहे.

भारतात हेच प्रकरण वेगळ्या वळणाने गेले. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये गेला, तो गुणांवर वर जाणारा पहिला संघ. पण २०२४-२५ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित केल्यानंतर क्रीडा लवादाने जुलै २०२५ मध्ये विजेतेपद इंटर काशीला दिले. इथे गुणांचा फैसला स्वित्झर्लंडमध्ये झाला. कोरियात गुणांबद्दल वाद नव्हता. ते मोजून झाले की बाजूला ठेवले जात होते.

नोव्हेंबरात काय पाहायचे?

पहिली गोष्ट, के-३ च्या गुणतक्त्यातील पहिले नाव. ते रेल्वेचे, अणुऊर्जा महामंडळाचे किंवा मेट्रोचे असेल तर बहुधा लढत होणार नाही. दुसरी, त्या शहराने परवाना घेतला आहे का आणि जूनमध्ये निवडून आलेल्या महापौराने पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात संघासाठी किती पैसे ठेवले. तिसरी, के-लीग २ चा तळ. गिम्हे, पाजू आणि योंगिन हे तिन्ही नवे संघ तिथे घुटमळत असतील तर त्यांच्यापैकी एखाद्याला एकाच वर्षात परतीची वाट धरावी लागू शकते. गिम्हेच्या खेळाडूंनी ज्या लीगमध्ये २०२५ साली चषक उचलला, तिच्याच विजेत्याविरुद्ध ते स्वतःची जागा वाचवायला उतरलेले दिसतील.